शब्द फाटण्याआधी

(पिंगळी, जि. परभणी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमतो ते दिवसा शाळेत विज्ञान शिकवत आणि एकादशीच्या रात्री भजनात पेटीवर बसत. त्यांच्या नावाच्या व्याख्यानाला दोन्ही अंगांचा विषय असावा, म्हणून मी तो असा घेतला आहे: घरातला स्पीकर मोठ्याने लावला की आवाज का फाटतो, आणि चांगला स्पीकर न फाटता कुठवर जातो.

आता एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन स्पीकर दिसतात. टीव्हीखाली साउंडबार असतो, पोरांचा ब्लूटूथचा डबा असतो, आणि एखाद्या हौशी घरात परभणीहून जोडून आणलेला ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यातले वूफर. पहाटे त्यावर हरिपाठ लागतो, एप्रिलमध्ये भीमगीते लागतात, लग्नसराईत काय लागते ते सगळ्यांना ठाऊक आहे. यातले बहुतेक ऐकणे शब्दांचे आहे. इथून जवळ, याच जिल्ह्यात गंगाखेडची जनाबाई झाली. तिचा अभंग ताशासारखा नुसता घुमला तर काय उपयोग? तो कळायला हवा. आवाज फाटतो तेव्हा सर्वांत आधी जातो तो शब्द. ठोका उरतो, धमक उरते, छातीत बसणारा दणका उरतो. पण ‘स’ कुठे संपला आणि ‘श’ कुठे सुरू झाला हे कळेनासे होते. म्हणून माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. घरच्या स्पीकरची परीक्षा तो किती मोठा वाजतो यावर घेऊ नका. मोठा होत जाताना तो शब्द कुठवर शाबूत ठेवतो, यावर घ्या.

स्पीकरच्या आत काय असते ते पाहू. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली ज्या रचनेचा निबंध वाचला, तीच रचना आजही तुमच्या घरात आहे. मागे चुंबक. चुंबकात एक गोल, अरुंद फट. त्या फटीत तांब्याच्या तारेचे बारीक वेटोळे, म्हणजे कॉइल. कॉइलला चिकटलेला कागदाचा किंवा प्लास्टिकचा कोन. कोन मधोमध राहावा म्हणून मागे पिवळसर, चुणीदार कापडाचा स्पायडर आणि कडेला रबराची, कापडाची किंवा फोमची किनार. कॉइलमधून वीज गेली की कॉइल पुढे-मागे होते, कोन हवा ढकलतो, हवा कानाच्या पडद्याला ढकलते.

अडचण सगळी त्या फटीत आहे. कॉइल फटीच्या मध्यावर असते तोवर चुंबकाचा जोर तिच्यावर सारखा असतो. जितकी वीज, तितके ढकलणे. आवाज वाढवला की कॉइल जास्त लांब जाते, तिचे काही वेढे फटीबाहेर पडतात आणि जोर कमी होतो. त्याच वेळी स्पायडर आणि किनार ताणून घट्ट होतात व तिला मागे ओढतात. विजेने सांगितले असते ‘आणखी एक मिलिमीटर पुढे जा’, कॉइल जाते अर्धाच. लाटेचा गोल माथा तिथे चेपतो. चेपलेली लाट म्हणजे मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनसंख्येचे नवे स्वर. गायकाने ते गायलेले नसतात, वादकाने वाजवलेले नसतात. ते स्पीकरने आपल्या पदरचे घातलेले असतात.

आता एक हिशेब नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी कंपनसंख्या निम्मी झाली की कोनाला चौपट हलावे लागते. २०० हर्ट्झला कोन पाव मिलिमीटर हलत असेल, तर त्याच पातळीचा १०० हर्ट्झ वाजवायला एक मिलिमीटर आणि ५० हर्ट्झ वाजवायला चार मिलिमीटर लागतात. चार इंची कोनाच्या घरगुती स्पीकरला चार मिलिमीटर स्वच्छ हलणे झेपत नाही. म्हणजे घरचा स्पीकर जवळजवळ नेहमी बासमध्ये फाटतो. आपण दुकानात काय करतो? बासची कळ पूर्ण फिरवून मग स्पीकर तपासतो. दहा डेसिबल बास वाढवला की त्या भागाला दहापट वॅट लागतात. कळ फिरवायला दोन बोटे पुरतात. तेवढे वॅट आणायचे कुठून, आणि ते घेऊन कोनाने जायचे कुठे?

(येथे श्रोत्यांना एका चार इंची स्पीकरवर ४० हर्ट्झचा शुद्ध स्वर चढत्या पातळीने ऐकवण्यात आला.)

तुम्हाला शेवटी जो ‘भर्र’ आवाज ऐकू आला तो ४० हर्ट्झचा नव्हता. ४० हर्ट्झ या स्पीकरमधून नावापुरताच बाहेर पडतो. तुम्ही ऐकलेत ते ८०, १२०, २००. हे दुप्पट-तिप्पट स्वर निदान सुरात तरी असतात. पेटीवर बसणाऱ्यांना हे लगेच पटेल. दुप्पट म्हणजे वरचा सा, तिप्पट म्हणजे त्याच्यावरचा पंचम, पाचपट म्हणजे आणखी वरचा गंधार. त्यामुळे खर्जातली अशी पाच टक्के भेसळसुद्धा कानाला बऱ्याचदा कळत नाही, उलट आवाज भरदार वाटतो.

खरी हानी दुसऱ्या प्रकारची भेसळ करते. समजा, एकाच कोनातून पखवाज आणि गाणारा आवाज दोन्ही येत आहेत. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या बाजूवर थाप पडली, तिचा घुमारा ८० हर्ट्झचा धरू. त्या थापेने कोन मर्यादेबाहेर पुढे-मागे जाऊ लागला. त्याच क्षणी त्याच कोनावर गायकाचा १००० हर्ट्झचा स्वर स्वार आहे. कोन टोकाला गेला की त्या स्वराला जोर कमी मिळतो, मध्याला आला की पुन्हा पूर्ण मिळतो. या चढउतारातून ९२० आणि १०८० हर्ट्झचे स्वर जन्मतात. टोके दोन असल्यामुळे ८४० आणि ११६०चेही. यांचे गायकाच्या स्वराशी काही नाते नाही, पखवाजाशीही नाही. ते बेसूर आहेत. मूळ स्वराच्या दोन्ही बाजूंना ते चिकटतात आणि आवाज घोगरा, पिंजलेला होतो. व्यंजने ओळखायला कान ज्या बारीक खुणांवर अवलंबून असतो त्या या पिंजणीत बुडतात. मराठीतली ‘स’, ‘श’, ‘च’, ‘छ’ ही अक्षरे वरच्या कंपनसंख्यांवर जगतात, आणि २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो. तिथे एक टक्का भेसळही बोचते.

यावरून एक गोष्ट निघते. एकाच कोनाचा स्पीकर मोठ्या आवाजाला पखवाज आणि शब्द दोन्ही सांभाळू शकत नाही. खालच्या स्वरांचा वूफर आणि वरच्या स्वरांचा ट्विटर वेगळे केले की ट्विटरकडे गेलेले ‘स’ आणि ‘श’ वूफरच्या धडपडीपासून वाचतात. पण माणसाच्या आवाजाचा मोठा भाग, म्हणजे स्वर आणि त्याची गोलाई, तरीही वूफरवरच राहतो. म्हणून ज्यांना खरोखर मोठ्याने ऐकायचे आहे त्यांनी सबवूफर वेगळा घ्यावा, आणि साधारण ८०-१०० हर्ट्झखालचा भार मुख्य स्पीकरवरून उतरवावा. सबवूफर दणक्यासाठी असतो असे आपण समजतो. माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे काम, वरचा स्पीकर मोकळा करून शब्द वाचवणे, हे आहे.

इथे कुणी विचारेल की नवे स्वर निर्माण होणे एवढे वाईट असेल तर तानपुऱ्याची जवारी काय करते? प्रश्न फार चांगला आहे आणि मला तो प्रिय आहे. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीचा माथा किंचित उतरता घासतात आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. तार त्या उताराला स्पर्श करत कंप पावते आणि तिच्यातून जे स्वर साध्या तारेतून निघालेच नसते ते निघतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांच्या या घोडीवर निबंध लिहिला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासोबत मृदंग-तबल्याच्या शाईवर लिहिले होते. शाईमुळे चामड्याचे बेसूर उपस्वर सुरेल होतात, हे त्यांनी तिथे दाखवले. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते या हातांच्या कौशल्याला. म्हणजे तार आणि घोडी यांच्यातली वाकडी वाट आपल्या संगीताने हजार कानांनी तपासून, दोरा केसभर इकडेतिकडे करून सुरात आणली आहे. स्पीकर जी भेसळ करतो ती कुणी तपासलेली नाही. ती थापेगणिक बदलते, आवाजागणिक बदलते. आणि तानपुरा आधीच उपस्वरांनी इतका भरलेला असतो की स्पीकरने त्यात थोडी जरी ढवळाढवळ केली तरी ते उपस्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो. स्पीकर घ्यायला जाताना तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

आता ॲम्प्लिफायरकडे वळू, कारण निम्म्या वेळा फाटतो तो ॲम्प्लिफायर, आणि शिव्या खातो स्पीकर.

ॲम्प्लिफायरला मिळणाऱ्या व्होल्टेजपेक्षा उंच लाट तो काढू शकत नाही. मागणी त्याहून वाढली की लाटेचा माथा सुरीने कापावा तसा सपाट होतो. आपल्याकडच्या असंख्य घरगुती आणि गाडीतल्या सेटमध्ये ४४४० नावाची आयसी बसलेली आहे. रेडिओ दुरुस्त करणारा कुठलाही पोरगा तिला नावाने ओळखतो. तिला १२ व्होल्ट दिले तर साध्या जोडणीत लाट मध्यापासून फार तर ६ व्होल्ट वर जाणार. ४ ओहमच्या स्पीकरवर त्याचे होतात साडेचार वॅट. दोन्ही बाजू ब्रिज करून जोडल्या तरी १८ वॅट. गणित आठवीच्या मुलालाही करता येईल: व्होल्टचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट. याच आयसीच्या डब्यावर मी ५०० वॅट, हजार वॅट ‘पीएमपीओ’ छापलेले पाहिले आहे. पीएमपीओ हा आकडा कुठल्याही मापात बसत नाही, त्याला कसलाही नियम नाही. बारा व्होल्टच्या वायरीतून हजार वॅट बाहेर काढणारी आयसी जगात नाही. खरे वॅट म्हणून जो आकडा आयसीच्या माहितीपत्रात असतो तोही बहुधा दहा टक्के विकृतीला (वर सांगितलेली भेसळ तीच) मोजलेला असतो, म्हणजे आवाज उघड फाटलेला असताना. वॅटसोबत विकृतीचा आकडा दिला नसेल तर तो वॅट न वाचलेलाच बरा.

पिंगळीत बसून बोलताना विजेची गोष्ट टाळता येणार नाही. संध्याकाळी शेतावरचे पंप सुरू झाले की गावातले व्होल्टेज उतरते, हे खेड्यातल्या प्रत्येकाने बल्बच्या पिवळेपणावरून पाहिले आहे. ट्रान्सफॉर्मरच्या साध्या ॲम्प्लिफायरचे आतले व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरते. २३०चे १७० झाले तर वॅट जवळपास निम्मे होतात. ५० वॅटचा ॲम्प्लिफायर २७ वॅटचा उरतो. कळ मात्र दुपारी होती तिथेच असते. दुपारी जे गाणे स्वच्छ वाजले तेच रात्री फाटते, आणि माणूस म्हणतो स्पीकर गेला. स्पीकर गेलेला नसतो. उलट, तसेच वाजवत राहिले तर मात्र जातो. कारण सपाट माथ्याची लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती वाहून नेते. शिवाय बासची लाट कापली गेल्यावर कळ आणखी फिरवली की बास वाढत नाही, पण वरचे स्वर वाढतच राहतात. ते सगळे जाते बिचाऱ्या ट्विटरवर, आणि त्याची केसासारखी तार जळते. ‘मोठ्या ॲम्प्लिफायरने ट्विटर उडतो, लहान सुरक्षित’ हा समज त्यामुळे खरा नाही. फाटणारा लहान ॲम्प्लिफायर, न फाटणाऱ्या मोठ्यापेक्षा ट्विटरला जास्त घातक असतो.

आजोबांच्या काळचा व्हॉल्व्हचा रेडिओ फाटत नसे, असे पुष्कळ जण सांगतात. तोही फाटत असे, पण हळूहळू. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर लाटेचा माथा दाबून गोलसर करतो. नंतरच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये हॅरॉल्ड ब्लॅक यांनी १९२७ साली शोधलेली ऋण-प्रतिभरणाची (निगेटिव्ह फीडबॅकची) युक्ती भरपूर वापरली जाते. तिच्यामुळे मर्यादेपर्यंत आवाज काचेसारखा स्वच्छ राहतो आणि मर्यादा आली की एकदम तुटतो. त्यात पुन्हा त्या रेडिओवर लागत असे मध्यम लहरींचे केंद्र. आपल्या परभणी आकाशवाणीचे प्रक्षेपणही ज्यांनी तसे ऐकले त्यांना आठवेल, खोल बास त्यात नसेच. कोनाला लांब जावे लागत नसे, आणि शब्द मोकळा राही.

शब्दासाठीच बनवलेला स्पीकर आपल्या परिचयाचा आहे: देवळावरचा भोंगा. मुंबईच्या नानिक मोटवाने यांच्या शिकागो रेडिओ कंपनीने काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि गांधीजींच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवले. टिळकांना हयातभर हे साधन मिळाले नाही, त्यांनी सभा घशाच्या जोरावर केल्या. भोंग्याची नळी हवेला कॉइलशी असे जुळवते की थोड्याशा हालचालीत पुष्कळ आवाज निघतो. हालचाल थोडी, म्हणून फाटणे थोडे. पॉल क्लिप्श या अमेरिकन माणसाने १९४६ पासून घराच्या कोपऱ्यात ठेवायचा प्रचंड लाकडी हॉर्न विकला तो याच तत्त्वावर. भोंग्यात बास नसतो, आवाज चिरका असतो, पण चाळीस वॅटवर तो शेजारच्या शिवारात शब्द पोचवतो. डब्यावर दोन हजार वॅट लिहिलेला घरचा स्पीकर अंगणापलीकडे शब्द नेत नाही.

का नेत नाही, ते सांगतो. घरगुती स्पीकर एका वॅटला एका मीटरवर साधारण ८६ डेसिबल आवाज देतो. म्हणजे दिलेल्या विजेपैकी पाव टक्का आवाज होतो. उरलेले ९९.७५ टक्के उष्णता होऊन कॉइलमध्ये साठतात. शंभर वॅट द्या, पाव वॅट आवाज आणि नव्याण्णव वॅटची शेगडी. तांब्याचा विरोध दर अंशाला ०.३९ टक्के वाढतो. कॉइल शंभर अंशांनी तापली की तिचा विरोध सुमारे चाळीस टक्के वाढतो, वीज कमी शिरते आणि आवाज दोन-तीन डेसिबल खाली बसतो. लग्नघरात अर्ध्या तासाने ‘आवाज कमी झाला, वाढव रे’ असे कुणीतरी ओरडते, ते खरेच असते. वाढवला की कॉइल आणखी तापते. शेवटी वार्निश जळल्याचा वास येतो, वेढे सुटून फटीत घासू लागतात आणि कायमची खरखर लागते. आपल्या मे महिन्यात खोलीच बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर असते, त्यामुळे कॉइलला थंड व्हायला जागा कमी मिळते. टीव्हीच्या बंद कपाटात ठेवलेला सेट तर विचारूच नका. काळ्या मातीची बारीक धूळ फटीत शिरली तरी हीच खरखर येते. फोमच्या किनारीचा काही वर्षांत भुगा होतो. मी इकडे रबराच्या किंवा कापडाच्या किनारीचाच स्पीकर सुचवतो.

ब्लूटूथचे नवे डबे मात्र वेगळ्या जातीचे आहेत. त्यांच्या आत एक छोटा संगणक सतत पाहत असतो की कोन किती हलणार आहे आणि कॉइल किती तापली आहे. मर्यादा जवळ आली की तो बास कमी करतो. म्हणून अर्ध्या आवाजाला भारदस्त वाटणारा डबा पूर्ण आवाजाला किरकोळ वाटतो, पण फाटत नाही. हा डबा एक चलाखीही करतो. ६० हर्ट्झ वाजवता येत नसेल तर १२०, १८०, २४० मुद्दाम मिसळतो, आणि आपला मेंदू त्या मालिकेवरून नसलेला ६० स्वतःच ऐकतो. शब्दाच्या दृष्टीने मला हे वागणे योग्य वाटते. जे झेपत नाही ते सोडून द्यायचे आणि गाणाऱ्याचा आवाज जपायचा, हा निर्णय चांगला आहे. त्याच किमतीच्या जोडून आणलेल्या सेटमध्ये असा राखणदार नसतो. तिथे तो आपल्यालाच व्हावे लागते.

खोलीबद्दल थोडेच सांगतो. आपली जुनी माळवदाची घरे, मातीचा थर आणि सागवानी सरे, आवाज बऱ्यापैकी पिऊन घेत. आता खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, चारी भिंती सपाट. अशा दहा बाय दहाच्या खोलीत लांबी-रुंदी सारखी असल्याने ५६ हर्ट्झच्या आसपासचा बास दोन्ही दिशांनी एकदम फुगतो आणि तास न् तास घुमल्यासारखा वाटतो. स्पीकर कोपऱ्यातून दोन हात बाहेर काढा, निम्मे दुखणे जाते. पत्र्याच्या घरात तर बासच्या प्रत्येक ठोक्याला पत्रा आणि मांडणीवरचे ताट थरथरते, आणि ती थरथर आपण स्पीकरच्या खाती मांडतो. एकदा ताटावर हात ठेवून ऐका.

आता कानाचे. ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपला कान आवाज मोठा आहे की नाही हे फाटण्यावरूनही ठरवतो. फाटलेला ८५ डेसिबल ‘फार मोठा’ वाटतो, स्वच्छ ९५ डेसिबल ‘छान, अजून वाढव’ वाटतो. ज्याच्या घरी साधा सेट आहे त्याला फाटणे हाच धोक्याचा इशारा असतो आणि तो कळ मागे फिरवतो. उत्तम स्पीकर घेणाऱ्याला हा इशारा मिळतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, त्यामुळे ९० डेसिबलला आठवड्याचे चार तासच उरतात. चांगला सेट घेतलात तर फोनवरचे डेसिबलचे साधे ॲपही घ्या आणि बसण्याच्या जागेवर एकदा मोजा. लहान मुले असलेल्या घरात तर मोजाच.

शेजाऱ्याचाही कान असतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत घरातल्या खासगी स्पीकरसाठीही कलम आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आपल्या घराच्या हद्दीवर आपल्या सेटचा आवाज त्याहून पाच डेसिबलपेक्षा जास्त चढता कामा नये. बास भिंतीतून सर्वांत सहज जातो. तुम्ही अभंग ऐकत असता, भिंतीपलीकडे आजारी माणसाला फक्त धप-धप ऐकू येते. शब्द त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

मग स्पीकर घ्यायला गेल्यावर काय करावे? दुकानदार स्वतःचे गाणे लावेल, ठोक्याचे आणि दाबून सपाट केलेले. अशा गाण्यात सरासरी आणि शिखर यांत सहा-आठ डेसिबलचेच अंतर असते, त्यामुळे लहान ॲम्प्लिफायरही दमदार वाटतो. तुम्ही तुमचे लावा. भीमसेन जोशींची संतवाणी लावा, ज्यात टाळ, पखवाज आणि तारसप्तकात जाणारा आवाज एकत्र आहेत. जिवंत मैफलीच्या मुद्रणात शिखर सरासरीच्या पंधरा-वीस डेसिबल वर जाते. घरात रोजच्या ऐकण्याला एक वॅट पुरतो, पण वीस डेसिबलच्या शिखराला क्षणभर शंभर वॅट लागतात. ते ॲम्प्लिफायरपाशी आहेत का, हे पखवाजाच्या एका थापेला कळते. बास आणि ट्रेबलच्या कळा मध्यावर ठेवा, लाउडनेसचे बटण बंद करा. आवाज लहानापासून पायरी-पायरीने वाढवा आणि प्रत्येक पायरीवर तोच अभंग ऐका. पखवाजाची थाप पडते त्या क्षणी गायकाचा आवाज कापरा होतो का? टाळ धातूचा वाटतो की कागद चुरगळल्यासारखा? वेगवेगळे शब्द वेगळे लागतात का? ज्या पायरीवर पहिला शब्द हरवला तिच्या एक पायरी खाली त्या स्पीकरची खरी मर्यादा. कळेवर तिथे पेनाने खूण करा. घरी आणल्यावर खोली बदलेल, व्होल्टेज बदलेल, म्हणून संध्याकाळी पंप चालू असताना हीच परीक्षा पुन्हा घ्या आणि खूण हलवायची तर हलवा.

परभणीतले किंवा पूर्णेतले जुने रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर तुम्हाला यापेक्षा जास्त सांगतील. कोन हलक्या बोटाने दाबून कॉइल घासते की नाही हे ते काही क्षणांत ओळखतात. कोन बदलून, नवी कॉइल बसवून जुना चांगला वूफर उभा करणे ही त्यांची विद्या आहे, आणि भारी चुंबकाचा असा जुना वूफर आजच्या चकचकीत प्लास्टिकच्या डब्यापेक्षा पुष्कळदा उजवा ठरतो. टाकून देण्याआधी एकदा त्यांच्याकडे न्या.

संयोजकांच्या सांगण्यावरून काही मंडळींनी घरचे स्पीकर आणले आहेत, ते इथे टेबलावर मांडले आहेत. रात्रीचे दहा वाजायला अजून वेळ आहे. आता आपण एकच अभंग सगळ्यांवर लावू. आवाज लहान ठेवून सुरुवात करू, मी पायरी-पायरीने वाढवत जाईन, आणि ज्याला पहिल्यांदा एखादा शब्द लागणार नाही त्याने हात वर करावा. मागे बसलेल्यांनी कृपया पुढे यावे.